लाईनमन काकांची चित्रं : खांबावरून दिसणारं नागपूर

सांबारवडी (रविवार, रात्री)

मंडळी, लांबलचक लिहिणार आहे, वेळ असेल तेव्हाच वाचा.

आमच्या लेआऊटमध्ये (मानेवाडा रोडच्या आतल्या बाजूला, नेमका पत्ता मुद्दाम देत नाही) जे कोणी घरी चित्रं काढतात, मातीकाम करतात, त्यांनी ह्या शनिवार-रविवारी आपापली घरं सगळ्यांसाठी उघडी ठेवली होती. संस्था नाही, स्पॉन्सर नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं, आणि फाटकाला झेंडूची माळ दिसली की आत जायचं एवढीच खूण. बहुतेक ठिकाणी छानच काम होतं, एका ताईंकडे मुलांना माती दिली होती म्हणून तिथे तुफान गर्दी, एका घरी कॉलेजात शिकून आलेल्या मुलाचे मोठाले कॅनव्हास. पण ज्या घरासाठी मी लिहून राहिली ते गल्लीच्या अगदी शेवटचं. खाली पोर्चमध्ये स्कूटर, बाजूनं लोखंडी जिना, वर टिनाची खोली, आणि खोलीत काका. वीज मंडळातून लाईनमन म्हणून रिटायर झालेले. चित्रकलेचं शिक्षण काहीच नाही, शाळेत एलिमेंटरीचीसुद्धा परीक्षा दिलेली नाही.

आत गेल्यावर पहिल्यांदा काही उमगतच नाही. घरं आहेत, गल्ल्या आहेत, माणसं आहेत, पण एकाही चित्रात आभाळ नाही. सगळं वरून पाहिलेलं, तरी नकाशासारखं सपाटही नाही, म्हणजे घराच्या भिंतीही दिसतात आणि गच्चीही दिसते. गच्चीवर वाळत घातलेल्या मुगवड्या, कुलरच्या टपावर ठेवलेली वीट, बाईच्या केसांतला भांग, पाण्याच्या टाकीचं निसटलेलं झाकण. मी बराच वेळ पाहात उभी होती आणि मग लक्षात आलं की ही खांबाची उंची आहे! लाईटचा साधा खांब आठ मीटरचा असतो, त्यावर चढून पट्टा बांधून हा माणूस जन्मभर उभा राहिला आणि तिथून जे दिसलं ते त्यानं काढलं. एवढ्या वर्षांत आपण किती नागपूरकरांनी आपली गल्ली तिथून पाहिली असेल सांगा. विमानातून पाहिली असेल, सहाव्या मजल्यावरून पाहिली असेल, पण शेजारणीच्या भांगाएवढ्या जवळून आणि तरी वरून, अशी कोणीच नाही.

आणि झाडं. बाप्पा, ती झाडं! पावसाळ्याच्या आधी तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायचं काम असते नं, ते काकांकडे असायचं. म्हणून त्यांचा कडुनिंब आपल्या डोक्यात असतो तसा गोल गरगरीत नाही. त्याच्या मधोमध तारेसाठी कापलेली खिंड आहे, जुन्या कापाच्या जागी गाठ आलेली आहे, गाठीच्या बाजूनं बारीक नवे धुमारे फुटलेले आहेत, आणि झाड दोन्हीकडून वाकून परत त्या खिंडीत यायला पाहून राहिलं. गुलमोहराचं वेगळं, त्याची फांदी कापली की झाडाचा सगळा तोलच बदलतो, ते त्यांनी असं काढलं आहे की पाहणाऱ्याचीच मान तिरपी होते. करंज, चिंच, सोनमोहर, सगळ्यांची मोडणी त्यांना पाठ आहे. पण तार एकाही चित्रात नाही, नुसती खिंड.

मी विचारलं, काका तार काऊन नाही काढत? तर म्हणाले, "तारेले त मी हात लावत होतो पोरी. पाहाले होतं ते झाड."

तेवढ्यात एक बाई आल्या, चांगल्या मनाच्याच होत्या, सगळं कौतुकानं पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही शिकले असते तर आज कुठल्या कुठे पोचले असते." काका काहीच बोलले नाहीत, चहा सांगायला जिन्याकडे गेले. त्यानंतर आलेल्या जवळपास प्रत्येकानं हेच वाक्य थोडं इकडेतिकडे करून म्हटलं. कोणता क्लास लावला होता, यूट्यूब पाहून शिकले का, मुलगा आर्टिस्ट आहे का. भिंतीवरच्या चित्रात काय आहे ते विचारणारे फारच थोडे. ह्याच गोष्टीसाठी मी धागा काढला आहे. माणसानं काय शिकलं नाही हे विचारण्यात आपण एवढे का रमतो, आणि समोर जे आहे ते पाहायला आपल्याला दोन मिनिटं का नसतात?

काकूंचं राहिलंच. प्रत्येक चित्राच्या पाठीमागे त्यांच्या अक्षरात गल्लीचं नाव, झाडाचं नाव आणि महिना लिहिलेला आहे. सिमेंट रोड झाले, रस्ते रुंद झाले, ह्यातली कितीतरी झाडं आज नाहीत. त्या सहज म्हणाल्या, "हे गेलं, हे पण गेलं, हे अर्धं आहे."

तर्रीमारके (रविवार, रात्री)

फोटो टाक नं ताई!! आणि विकतात का ते? काय भाव आहे?

सांबारवडी (रविवार, रात्री)

फोटो नाही काढले. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या घरी येऊन पाहा, मोबाइलमध्ये झाड एवढंसं होते. विकतात, पण भाव इथे लिहीत नाही, त्यांना विचारूनच लिहीन.

चितारओळीतला (सोमवार, सकाळी)

मी महालात वाढलो, घर चितार ओळीला लागूनच. आमच्याकडे गणपती, दुर्गा, तान्ह्या पोळ्याचे नंदी, सगळं डोळ्यासमोर व्हायचं. तिथल्या कोणत्याही मूर्तिकाराला विचारा, तुम्ही कुठे शिकले, तर तो हसून वडिलांकडे बोट दाखवतो. लहानपणी माती मळायची, मग आतलं गवत बांधायचं, मग मोठ्यांनी रंगवलेल्या मूर्तीचं धोतर रंगवायचं, डोळे लिहायला मिळेपर्यंत मिसरूड फुटतं. सर्टिफिकेट नाही, पण शिक्षण भरपूर आहे, आणि चूक झाली की पाठीत धपाटा देणारा माणूस शेजारीच बसलेला असतो.

म्हणून मला काकांचं वेगळं वाटते. त्यांच्या शेजारी कोणीच बसलेलं नव्हतं. चितार ओळीच्या पोराला मूर्तीचं नाक कसं असते ते हजार नाकं पाहून माहीत असते, ह्या माणसाला खिंड पडलेलं झाड कसं काढायचं हे दाखवणारं एकही चित्र मिळालं नसणार. ते त्यांनी स्वतः बसवलं. ही मेहनत लोकांना दिसत नाही, त्यांना वाटते "उपजत आहे". उपजत काही नसते भाऊ, लोक सुट्टीच्या दिवशी झोपतात तेव्हा हे कागद खराब करत बसलेले असतात.

खडूफळा (सोमवार, दुपारी)

मी शाळेत चित्रकला शिकवतो, ए.टी.डी. (कलाशिक्षकाचा डिप्लोमा) केलेलं आहे, त्यामुळे थोडं विरुद्ध बाजूनं लिहितो, राग मानू नका.

त्या बाईंचं वाक्य बोलायला चुकलं असेल, पण त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. चित्रकार रझा मंडल्याकडचे, ते १९३९ ते १९४३ आपल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि मग मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टला गेले. दुसरे मोठे चित्रकार गायतोंडे, त्यांचा जन्म नागपूरचा, १९२४चा, तेही जे.जे.त शिकले. शिक्षणानं त्यांची नजर मेली असं कोणी म्हणेल का? उलट चांगला मास्तर तुमची पाच-सात वर्षं वाचवतो. शरीर कसं उभं राहतं, रंग एकमेकांशेजारी काय करतात, हे एकट्यानं शोधायचं म्हणजे फार वेळ जातो, आणि कितीतरी लोक त्या वाटेवर कंटाळून सोडूनच देतात. आपल्याला काका दिसतात कारण ते टिकले. जे सोडून गेले त्यांच्या घरी आपण जात नाही.

आणि दुसरं, ज्याची मला खरंच काळजी वाटते. रंग कोणते वापरतात? कशावर काढतात? टिनाच्या खोलीत ठेवतात म्हणता, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो, टिनाखाली काय होत असेल त्या चित्रांचं?

सांबारवडी (सोमवार, रात्री)

सर, राग अजिबात नाही, हेच हवं होतं.

आज संध्याकाळी ऑफिसमधून येताना मुद्दाम परत गेली आणि विचारून आली. हार्डबोर्डवर काढतात, सुताराकडून तुकडे आणतात, त्यावर आधी रेड ऑक्साइडचा हात देतात (खांबांना, लोखंडाला मारतात तेच), तो वाळला की वरून रंग. आधी दुकानातला साधा ऑइल पेंट वापरायचे, दार-खिडक्यांचा, आता मुलीनं चित्रकाराच्या ऑइल कलरच्या ट्यूब आणून दिल्या आहेत आणि त्यात जवसाचं तेल घालतात. त्यामुळेच त्यांच्या चित्रांतली माती अशी आहे, सगळ्या रंगांच्या खालून तांबडं झिरपत असते, उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आपल्या गल्ल्या दिसतात तशी. मला वाटलं होतं हा विचार करून केलेला परिणाम आहे, काका म्हणाले, "ऑक्साइडवर बाकीचे रंग धरून राह्यते, म्हणून." नंतर थोडं थांबून म्हणाले, "मंग आवडाले लागलं."

चित्रं सगळी एकाला एक लावून भिंतीकडे तोंड करून ठेवली आहेत, जागाच नाही. सांगा काय करायला हवं, मी त्यांना सांगीन. ते ऐकतात, विचारतात पण.

खडूफळा (सोमवार, रात्री)

रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचा रंग, गेरूच्या जातीचा. उन्हानं उडत नाही, शेकडो वर्षं टिकणाऱ्या रंगांपैकी तो एक. म्हणजे नकळत पाया पक्का घातला आहे त्यांनी, छान वाटलं वाचून.

आता सगळ्यात महत्त्वाचं आधी, आणि हे कृपा करून उद्याच सांगा. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना उष्णता बाहेर टाकतं. चित्राच्या पातळ थरात ते जाणवत नाही, पण तेलाचे बोळे, चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. काडी लावावी लागत नाही. टिनाची खोली, मे महिना, हार्डबोर्ड, हे सगळं एकत्र म्हणजे काळजीचंच. चिंध्या एकेक करून बाहेर दोरीवर पसरून वाळवायच्या, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकायच्या. ढीग करायचाच नाही.

दुसरं, खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त. उलटं झालं की वरचा थर आधी आखडतो, खालचा अजून हलत असतो, आणि भेगा पडतात. तिसरं, पांढरा घेताना टायटॅनियम व्हाइट घ्या म्हणावं, झिंक व्हाइट तेलात काही वर्षांनी ठिसूळ होतो. लाल किरमिजी हवा असेल तर डब्यावर ॲलिझरिन लिहिलेला टाळा, तो उडतो.

भिंतीकडे तोंड करून अंधारात ठेवलेलं तेलरंगाचं आणि ऑइल पेंटचं पांढरं पिवळट पडतं. उजेड हवा, पण थेट ऊन नको. आणि हार्डबोर्डच्या पाठीलाही रंगाचा एक हात द्या, नाहीतर पावसाळ्यात तो ओलावा ओढून वाकतो. कुलर चालतो त्या खोलीत तर ठेवूच नका, कागद असो की बोर्ड, बुरशी येते. आणि उधई (वाळवी)! जमिनीला टेकवून ठेवू नका, खाली विटा द्या.

चितारओळीतला (सोमवार, रात्री)

सर, हेच तर! हे तुम्ही शिकले म्हणून तुम्हाला माहीत आहे, आणि हे सांगायला कोणी आलं तर काकांना किती उपयोगाचं आहे. "शिकले असते तर" म्हणण्यापेक्षा "चिंध्या दोरीवर वाळवा" म्हणणं कितीतरी बरं.

वाचनमात्र_गोकुळपेठ (मंगळवार, सकाळी)

नेहमी नुसती वाचते, आज लिहिते.

शिक्षण घेतलेले आणि न घेतलेले अशी भिंत उभी करू नका असं वाटतं. रवींद्रनाथ टागोर साठीनंतर चित्रकलेकडे वळले, हस्तलिखितात खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता त्यांतून आकार निघाले, आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. पॅरिसचाच हेन्री रूसो जकात नाक्यावर नोकरी करायचा, कधी फ्रान्सबाहेर गेला नाही, तिथल्या वनस्पती उद्यानात जाऊन झाडं पाहायचा आणि घरी येऊन घनदाट जंगलं काढायचा. लोक आयुष्यभर हसले त्याला. आणि लांब कशाला जा, आपल्या वरच्या अंगाला मंडला-डिंडोरी, तिथल्या पाटनगढचे जनगढसिंह श्याम. घरांच्या भिंतींवर काढायचे, ऐंशीच्या दशकात जे. स्वामीनाथन यांच्यामुळे भोपाळला भारत भवन ह्या कलाकेंद्रात आले, आणि आज गोंड चित्रं म्हणून जगभर जे ओळखलं जातं त्याची वाट त्यांनी घातली. स्वामीनाथन स्वतः शिकलेले, नावाजलेले चित्रकार. त्यांनी जनगढना "आधी कॉलेजात जा" म्हटलं नाही, कागद आणि रंग दिले. मला ह्यात सगळ्यात मोठं काम पाहणाऱ्याचं वाटतं.

फक्त एक गोष्ट सांबारवडी ताई. काकांना जनगढ किंवा रूसो करायचीही गरज नाही. पॅरिसला न जाता, भोपाळला न जाता, मानेवाड्याच्या टिनाच्या खोलीतच ती चित्रं पुरेशी चांगली असू शकतात.

सांबारवडी (मंगळवार, दुपारी)

हे वाक्य मी काकूंना वाचून दाखवणार आहे.

पाटवडी_रस्सा (मंगळवार, दुपारी)

मला एक प्रॅक्टिकल प्रश्न आहे. असं कोणाच्या घरी चित्रं पाहायला गेलं की काही घ्यायला पाहिजे का? मी ह्या वेळी म्हणूनच गेली नाही, वाटलं रिकाम्या हातानं परत यायला कसंतरी वाटेल. आणि घ्यायचं ठरलं तर भाव करायचा का? इतवारीत करतो तसा?

खडूफळा (मंगळवार, रात्री)

न घेता आलात तरी काही बिघडत नाही, दार उघडं ठेवलं म्हणजे पाहायलाच बोलावलं आहे. पण भाव करू नका. दुकानदारानं भाव वाढवूनच सांगितलेला असतो, कमी करायला त्याच्याकडे जागा असते. घरी चित्रं काढणारा माणूस उलट करतो, त्याला पैसे सांगायचीच लाज वाटते आणि तो आधीच अर्धे करून सांगतो. त्यातून तुम्ही अजून पाडले तर बोर्ड आणि ट्यूबचा खर्चही निघत नाही. परवडत नसेल तर सरळ सांगा की आत्ता जमत नाही, छोटं काही असेल तर दाखवा. आणि "माझ्या पोराच्या वाढदिवसाला एक फुकट काढून द्या नं" हे तर कोणालाच म्हणू नका.

सांबारवडी (मंगळवार, रात्री)

सरांनी लिहिलं ते डोळ्यांनी पाहिलं. एका माणसानं मोठं चित्र घेतलं, चिंचेचं, काकांनी भीत भीत आकडा सांगितला, त्यानं काही न बोलता पैसे मोजून दिले आणि विचारलं, ही चिंच कुठची? तर काका त्याला घेऊन जिन्यावर गेले आणि हातानं दाखवत होते, ती पाण्याची टाकी, तिच्या पलीकडे डीपी (विजेची पेटी), डीपीच्या मागे होती. पंधरा-वीस मिनिटं दोघं तिथेच उभे. दोन दिवसांत मी काकांना एवढं बोलताना पाहिलं ते तेव्हाच. पाटवडी, तुला काही घ्यायला जमलं नाही तरी एक झाड कुठचं आहे एवढं विचार.

सध्या_पुण्यात (बुधवार, पहाटे)

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. माझे बाबा लाईनमन होते, नागपुरातच. आता नाहीत.

वळवाचा पाऊस आला की आमच्याकडे पहिले शिडी आणि मग जेवण. सगळ्या मोहल्ल्याची लाईट गेलेली असायची, लोक गच्चीवर येऊन ओरडायचे, आणि बाबा अंधारात खांबावर, खालून कोणीतरी टॉर्च धरलेला. घरी आले की आई विचारायची परमिट घेतलं होतं नं, लाईन बंद केली होती नं, दरवेळी हेच दोन प्रश्न, मगच ताट वाढायची. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं की वरून काय दिसते, ते म्हणाले होते काही नाही रे, जंपर (तारा जोडणारा तुकडा) दिसतो. मी तेच खरं मानलं. आज हा धागा वाचून वाटलं की बाबांनाही हे सगळं दिसत असणार, वड्या, वीट, झाडाच्या गाठी. त्यांनी काढलं नाही आणि मी परत विचारलं नाही.

ताई, काकांकडे हनुमान नगर, रेशीमबाग बाजूचं काही आहे का? बाबांचा एरिया तो होता. मी पुढच्या महिन्यात येतोय. शिकले की नाही शिकले ह्याच्याशी मला काही घेणं नाही, मला फक्त ते पाहायचं आहे जे बाबांना वरून दिसायचं.

चितारओळीतला (बुधवार, सकाळी)

भाऊ, स्टेशनवरून मी घेऊन जाईन तुला. गाडी आहे आपली.

सांबारवडी (बुधवार, रात्री)

सध्या_पुण्यात दादा, आज गेली होती. धागा त्यांना फोनवर वाचून दाखवला, तुमचा मजकूर काकूंनी दोनदा वाचायला लावला. रेशीमबागच्या बाजूची चित्रं आहेत, एकात कडुनिंब आहे, एकात कोणाच्या तरी अंगणातला मोठा रेन ट्री, काकूंनी मागे लिहिलेलं वाचून वेगळी काढून ठेवली. काका विचारत होते बाबा कोणत्या सबस्टेशनला होते आणि कोणत्या साली. ते मला मेसेजमध्ये कळवा, इथे नको. सकाळी दहाच्या आत ते काम करतात तेव्हा बोलत नाहीत, पाचनंतर या म्हणाले. बाबांचा ड्रेसवरचा फोटो असेल तर आणा.

सर, चिंध्यांसाठी तेलाचा रिकामा पिपा धुऊन जिन्याखाली ठेवला आहे, पाणी भरून, झाकणासकट. चित्रं खाली बैठकीत आणली, विटांवर, भिंतीपासून दूर, तोंड उजेडाकडे. आता बैठकीत बसायला जागा नाही म्हणून काकू पोर्चमध्ये भाजी निवडतात. पाठीमागून रंगाचा हात द्यायचा आहे, पण काकूंचं लिहिलेलं त्याखाली जाईल म्हणून त्या नको म्हणून राहिल्या. अक्षर वाचवून बोर्ड कसा वाचवायचा ते सांगा.

खडूफळा (बुधवार, रात्री)

अक्षराभोवती चौकोन सोडून बाकीच्या पाठीला आणि चारही कडांना रंगाचा हात द्या, ओलावा कडांतूनच जास्त शिरतो. चौकोनावर पारदर्शक ॲक्रिलिक व्हार्निशचे दोन पातळ हात, पण आधी कोपऱ्यातल्या एका अक्षरावर लावून पाहा, शाई पसरली तर थांबा आणि त्याआधी सगळ्या पाठींचे फोटो काढून ठेवा. रविवारी मी मोकळा आहे, ब्रश घेऊन येतो. काकांना चालेल का ते विचारून सांगा.